कॉलेजचे कुलूप आणि आठ दहाची एसटी

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर कापसाची खरेदी आहे, पीकविमा आहे, रात्रीच्या विजेचा विषय आहे आणि सर्वात खाली, जेवणाच्या सुट्टीच्या आधी, ‘प्रौढांसाठी संध्याकाळचे वर्ग’ असा एक विषय आहे. पत्रिका तयार करणाऱ्याने तो खाली टाकला यात त्याचा दोष नाही. शिक्षण म्हटले की आपल्याला पोरांचे शिक्षण आठवते. चाळिशी उलटलेल्या माणसाने दिवसभर डवरणी करून संध्याकाळी वही घेऊन कॉलेजात जायचे, हे ऐकून मागच्या बाजूची मंडळी हसली, ती आम्ही पाहिली. हसायला हरकत नाही. पण पाच गावांतली आम्ही तेवीस माणसे दोन वर्षांपूर्वी खरोखरच तशी गेलो. तिथे काय झाले आणि पुढे काय करायचे, एवढेच सांगायला उभे आहोत.

एक गोष्ट आधी बाजूला काढू. शेतकरी अडाणी आहे म्हणून गरीब आहे, त्याला शिकवला की त्याचे भले होईल, ही भाषा आपण लहानपणापासून ऐकतो. ती आम्हाला आधी मान्य नव्हती आणि कॉलेजात जाऊन आल्यावरही मान्य नाही. मिरगाचा पाऊस दोन दिवस पडून उघडला तर पेरावे की थांबावे, हे ठरवणारा माणूस अडाणी असूच शकत नाही. त्या एका निर्णयावर त्याने बियाणे, खत आणि बायकोच्या गळ्यातले डोरले लावलेले असते. शिक्षणाने कापसाचा भाव वाढत नाही. बी.ए. झालेल्याच्या गाडीतला कापूस आणि अंगठा उठवणाऱ्याच्या गाडीतला कापूस जिनिंगच्या आवारात एकाच भावाने जातो. तेव्हा शिकलो की श्रीमंत होऊ, असे सांगायला आम्ही आलेलो नाही.

मग गेलो कशाला?

पऱ्हाटीत तण माजावे तसा गेल्या काही वर्षांत शेतीत कागद माजला आहे, आणि आता तो कागदही मोबाइलच्या आत जाऊन बसला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करायची, असे राज्यभर झाले. (तलाठ्याचे नावही आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे. नाव त्याचे वाढले, काम आपल्याकडे आले.) २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला, २०२५ च्या खरिपात तो गेला, आणि कोणत्या नुकसानीला भरपाई मिळणार व कोणत्या नाही याचे नियमही त्याबरोबर बदलले. शेतकरी ओळख क्रमांक आला. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला कापूस घालायचा तर आधी ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नाव नोंदवा, असे झाले.

यातली कोणती गोष्ट चांगली आणि कोणती वाईट, तो वाद वेगळा. आमचा मुद्दा असा की हे सगळे आपल्या वतीने दुसराच कोणीतरी करतो. सेतू केंद्रावरचा पोरगा करतो, पुतण्या करतो, बियाण्याचा दुकानदार करतो. पैसे घेऊन केले तर एक वेळ बरे, कारण तो व्यवहार उघड असतो. ज्याने मेहरबानी म्हणून केले त्याच्याकडेच मग खत, त्याच्याकडेच औषध आणि त्याच्याच काट्यावर कापूस. मोबाइलवर आलेला आकडा त्याला वाचून दाखवायचा आणि तो म्हणेल तिथे बोट ठेवायचे, हे आमच्यातल्या काहींना सहन होईना. भावापेक्षा हे दुखणे लहान आहे, पण ते रोजचे आहे.

आमच्या तालुक्याच्या गावी एक कॉलेज आहे. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, तुमच्याही तालुक्यात असेच एक असेल. तिथे संध्याकाळचा सहा महिन्यांचा वर्ग निघाला: हिशेब, अर्ज-कागदपत्रे आणि संगणकाची तोंडओळख. साडेसहा ते साडेआठ, आठवड्यातून चार दिवस. वयाची अट नाही, दहावीची अट नाही. जूनमध्ये आम्ही तेवीस जणांनी नावे घातली. त्यात चार बाया होत्या.

पहिल्या संध्याकाळी मास्तरांनी सवयीप्रमाणे ‘मुलांनो’ म्हणून सुरुवात केली. पहिल्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने शांतपणे विचारले, ‘गुरुजी, तुमचं वय काय?’ सगळे हसले, मास्तरही हसले. त्या दिवसापासून ते आम्हाला ‘मंडळी’ म्हणू लागले. गोष्ट लहान आहे, पण प्रौढ माणसाला शिकवायचे तर इथूनच सुरुवात होते. आपल्याला कोणी पोर समजून शिकवू लागले की आपण दुसऱ्या दिवशी जात नाही. कारण विचारले तर बैल आजारी होता असे सांगतो.

दुसरी गोष्ट चष्म्याची. आठवडाभरात असे लक्षात आले की आमच्यातल्या चौघांना वाचता येत होते, पण दिसत नव्हते. लहानपणी चौथी-पाचवीपर्यंत शिकलेली माणसे. पुढे वीस-तीस वर्षे बारीक अक्षराशी संबंध आला नाही आणि मधल्या काळात डोळे उतरले. घरात सगळे समजत होते, बाप विसरला. जवळचे दिसायचा साधा चष्मा बाजारात शे-दोनशे रुपयांना मिळतो. तो लावल्यावर त्यांतल्या एकाने खिशातली पीकविम्याची पावती काढून तिथेच बसून सगळी वाचली, मागचीसुद्धा. संध्याकाळचा वर्ग काढणाऱ्या प्रत्येकाला आमची सूचना आहे की पहिल्या दिवशी पुस्तके वाटू नका, डोळे तपासा.

मास्तर चांगले होते. त्यांनी पुस्तकातली उदाहरणे दोन दिवसांत बाजूला ठेवली आणि तुमचेच कागद आणा म्हणाले. मग आम्ही कापसाचा हिशेब मांडला. आजचे आकडे घेऊन तोच हिशेब पुन्हा सांगतो. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा आधारभूत भाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. तो ८ टक्के ओलाव्याला. त्यावर १२ टक्क्यांपर्यंत कापूस घेतात, पण वाढीव दर टक्क्याला भावातून एक टक्का कापतात. म्हणजे टक्क्याला ८१ रुपये १० पैसे. सकाळच्या दवात वेचलेला, ११ टक्के ओलाव्याचा १५ क्विंटल कापूस नेला तर क्विंटलमागे २४३ रुपये ३० पैसे जातात, एकूण ३,६४९ रुपये ५० पैसे. कापूस दोन दिवस उन्हात पसरला तर वजनही घटते, तेव्हा त्यातला सगळाच फायदा नव्हे, हेही त्याच फळ्यावर मांडले. पण कोणते नुकसान पत्करायचे हे आपले आपण ठरवणे वेगळे, आणि काट्यावरच्या माणसाने ‘एवढे कापले’ म्हणून चिठ्ठी हातात देणे वेगळे.

दुसरा हिशेब सावकाराचा. शेकडा तीन हा शब्द आपल्याला इतका सवयीचा आहे की तो स्वस्त वाटतो. ५०,००० रुपयांना महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाचे १८,००० व्याज, हे तोंडी कोणीही सांगतो. पण व्याज दर महिन्याला मुद्दलात मिळवले तर वर्षाअखेर तेच २१,२८८ होते. वरचे ३,२८८ रुपये कुठून आले, हे फळ्यावर बारा ओळी मांडून पाहिले तेव्हा वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. एक जण एवढेच म्हणाला की आमच्या घरी हे असे अकरा वर्षे चालले.

आता तुम्ही विचाराल की एवढे चांगले चालले होते तर तेवीसांतले पूर्ण किती जणांनी केले? सात जणांनी. चार बायांपैकी एकीने.

सोळा जण गळाले, त्यांना शिकायचे नव्हते म्हणून गळाले असे म्हणणे फार सोपे आहे. कॉलेजच्या कागदावर तसेच लिहिले गेले: ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद अल्प’. आम्ही त्या सोळा जणांच्या घरी जाऊन विचारले.

सगळ्यात मोठे कारण एसटी. आमच्या बाजूची शेवटची गाडी आठ दहाला सुटते. वर्ग सुटतो साडेआठला. म्हणजे रोज आठला वही मिटायची आणि स्टँडकडे पळायचे. मोटारसायकल असलेले थांबायचे. संगणकाचे प्रात्यक्षिक शेवटच्या अर्ध्या तासात असायचे, त्यामुळे गाडीवाले संगणक शिकले आणि एसटीवाले नुसते व्याख्यान ऐकून आले. तीन महिन्यांनी कोणाच्या तरी डोक्यात आले की प्रात्यक्षिक आधी घ्या आणि व्याख्यान नंतर. त्याला एक पैसाही खर्च आला नाही. पण तोवर आठ जण गेले होते.

ज्यांच्या विहिरीला थोडे पाणी आहे, हरभऱ्याला एक-दोन पाळ्या देता येतात, त्यांचे गणित आणखी वेगळे. विजेची पाळी रात्रीची आली की तो माणूस आठवडाभर वर्गाला येत नाही. मागे पडतो, आणि एकदा मागे पडला की लाजेने येत नाही. मग दिवाळीच्या पुढे-मागे वेचणी सुरू झाली. परीक्षा डिसेंबरात ठेवलेली. कोरडवाहू मुलुखात डिसेंबरात परीक्षा ठेवणारा माणूस कधी वेचणीला गेलेला नाही, हे सांगायला ज्योतिषी नको. दिवसभर बोंडांच्या टोकांनी चिरलेल्या बोटांत पेन धरून पाहा.

आणि बायांचे काय? त्यांच्यासाठी संध्याकाळ हा मोकळा वेळ नाहीच. रानातून आल्यावर पुरुषाचा दिवस संपतो, बाईची दुसरी पाळी सुरू होते. पाणी, चूल, भाकरी, म्हातारी माणसे, पोरांचा अभ्यास. चौघींतल्या तिघींनी आम्हाला सरळ सांगितले की वर्ग दुपारी दोन ते चार ठेवा, संक्रांतीनंतर ठेवा, आम्ही दहा जणी आणतो. जिने पूर्ण केला तिच्या सासूने सहा महिने भाकरी थापल्या. प्रमाणपत्रावर त्या सासूचेही नाव असायला हवे होते असे आम्हाला वाटते.

मास्तरांबद्दलही एक शब्द. ते तासिका तत्त्वावरचे. शिकवले त्या तासाचे पैसे, सुट्टीला नाही, आणि तेही महिनोन्‌महिने थकलेले. म्हणजे फळ्यापुढे उभा असलेला आणि बाकावर बसलेला, दोघेही रोजंदारीचे. ते आमच्याशी इतके नीट का वागले याचे कारण कदाचित त्यातच असेल.

वेळ कोणाच्या सोयीची?

राबणाऱ्या माणसाने शिकायचे तर शाळेने आपले घड्याळ त्याच्या घड्याळाला लावून घ्यावे लागते, ही काही आमची नवी अक्कल नाही. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात दिवसभर कष्ट करणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. या गोष्टीला पावणेदोनशे वर्षे होत आली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी नेमके बोट ठेवले ते पैशावर: सरकारचा महसूल येतो कुणब्याच्या घामातून आणि शिक्षणावर तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या मुलांवर. पुढे १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे नोकरी करणाऱ्या पोरांना शिकून कामावर जाता यावे. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. त्याचे ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. माळीकामापासून कृषी पदविकेपर्यंतचे त्याचे अभ्यासक्रम आपल्यातल्या अनेकांनी नोकरी-शेती सांभाळून केले. आम्हाला एवढेच म्हणायचे आहे की गंगा घरी आली तरी तांब्या घेऊन बसायला दोन तास लागतात, आणि पुस्तक पोस्टाने आले तरी अडलेला शब्द विचारायला माणूस लागतो.

आता थोडे लांबचे उदाहरण सांगतो. लांबचे असले तरी पीक आपलेच आहे. अमेरिकेत टेक्सास राज्याच्या पश्चिम भागात लबक नावाचे शहर आहे. त्याच्याभोवती मैलोन्‌मैल कापूस आणि ज्वारी. पाऊस वर्षाला साडेचारशे-पाचशे मिलिमीटर, तोही लहरी. जमिनीखालचे पाणी उपसून उपसून खाली गेले, त्यामुळे पुष्कळ शेत पुन्हा कोरडवाहू होत चालले आहे. लबकच्या पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर लेव्हललँड हे गाव. नावाचा अर्थच सपाट जमीन. १९५७ साली तिथल्या मतदारांनी मतदान करून आपल्या परगण्यासाठी स्वतःचे कॉलेज काढायचे ठरवले, आणि त्यासाठी आपल्याच मालमत्तेवर कर बसवून घेतला. १९५८ मध्ये साऊथ प्लेन्स कॉलेज सुरू झाले. आजही ते चालू आहे. परिचारिकेचे शिक्षण, वेल्डिंग, डिझेल इंजिनाची दुरुस्ती, अगदी गाणे-वाजवणेसुद्धा तिथे शिकवतात. कारभार पाहणारे मंडळ मतदारांनी निवडून दिलेले असते.

याला तिकडे कम्युनिटी कॉलेज म्हणतात. अशांतले सर्वात जुने सरकारी कॉलेज इलिनॉय राज्यात जोलिएट इथे १९०१ साली सहा विद्यार्थ्यांवर सुरू झाले. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने हे नाव रूढ केले आणि अशी कॉलेजे सगळीकडे काढा म्हणून शिफारस केली. आज ती हजाराच्या आसपास आहेत. दार उघडे असते, मोठ्या गुणांची अट नसते. निम्म्याहून जास्त विद्यार्थी अर्धवेळ शिकतात, म्हणजे दिवसा गॅरेजात, दुकानात, दवाखान्यात काम आणि संध्याकाळी दोन तास वर्ग. पस्तीस-चाळीस वर्षांचा माणूस तिथे बाकावर बसला तर मागे वळून कोणी पाहत नाही.

तिकडे सगळे गोड आहे असे समजू नका. तिथेही पुष्कळ जण मधेच सोडतात, आणि कारणे ऐकाल तर आपलीच वाटतील: कामाची पाळी बदलली, पोराला सांभाळायला कोणी नाही, गाडी नादुरुस्त झाली. कॅलिफोर्नियात १९८४ पर्यंत अशा कॉलेजांना शिकवणीची फी नव्हती, मग ती बसवली. उलट टेनेसी राज्याने २०१८ पासून प्रौढांची शिकवणीची फी माफ केली. पण पेट्रोलचा आणि पाळणाघराचा खर्च ज्याचा त्याच्याकडेच राहिला. शिवाय लेव्हललँडच्या लोकांच्या जमिनीखाली खनिज तेल आहे, कराचा मोठा भार तेलाने उचलला, आणि तिथल्या एका शेतकऱ्याची जमीन आपल्याकडच्या एखाद्या गावच्या शिवाराएवढी असते. त्यांच्या कापसाला त्यांचे सरकार जे अनुदान देते आणि त्याने आपल्या भावाचे काय होते, त्यावर ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला होता. तो विषय दुसऱ्या दिवशी, पोटभर बोलू.

आम्ही हे उदाहरण सांगतो ते एकाच गोष्टीसाठी. त्या लोकांना कॉलेज कोणी दान दिले नाही. पैसे आपले आहेत हे त्यांना माहीत होते, म्हणून वर्ग किती वाजता भरवायचा हे विचारायचा हक्कही आपला आहे, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. आपल्या तालुक्यातले कॉलेज कोणाच्या पैशाने उभे आहे? जमीन गावच्या गायरानातली. प्राध्यापकांचे पगार सरकारी तिजोरीतून. त्या तिजोरीत आपण खताच्या पिशवीवर, डिझेलवर, साबणाच्या वडीवर कर भरतो. जोतीरावांनी १८८२ ला जे म्हटले त्यातला कुणबी अजून बाहेरच उभा आहे. संध्याकाळी साडेपाचला गेटला कुलूप लागते, पंचवीस खोल्या सकाळपर्यंत अंधारात. आपल्या घरातला बैल दिवसातले सोळा तास गोठ्यात बांधून ठेवला आणि त्याला पेंड मात्र चालू ठेवली, तर बाप काय म्हणेल?

तारखांचेही तेच. कॉलेजचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, म्हणजे पेरणीच्या तोंडावर. सुट्टी लागते ती उन्हाळ्यात, आपण मोकळे असतो तेव्हा. डेन्मार्क हा युरोपातला लहानसा शेतीप्रधान देश होता. तिथे ग्रुंटविग नावाच्या विचारवंताच्या प्रेरणेने १८४४ पासून शेतकऱ्यांच्या तरुण मुलांसाठी लोकविद्यालये निघाली. त्यांनी मुलांचे वर्ग हिवाळ्यात ठेवले, कारण बर्फात शेतीचे काम बंद असते, आणि मुलींचे उन्हाळ्यात. परीक्षा नाही, पाठांतर नाही, बोलणे आणि ऐकणे जास्त. १८८२ नंतर त्या देशात शेतकऱ्यांच्या सहकारी दूधडेअऱ्या गावोगाव उभ्या राहिल्या. त्यात या विद्यालयांतून आलेली पिढी पुढे होती. त्यांचा हिवाळा तो आपला उन्हाळा. ज्वारीची कणसे खुडून झाली, पऱ्हाटी उपटली, की होळीपासून रोहिणीपर्यंत कोरडवाहू शेतकऱ्याजवळ वेळ असतो. तेवढा एकच काळ असतो, आणि नेमका तेव्हाच कॉलेजला उन्हाळी सुट्टी.

सरकारच्या कागदावर हे नाही असेही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली होती. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तर प्रौढांच्या वर्गांसाठी शाळांची जागा शाळा सुटल्यानंतर आणि शनिवार-रविवारी वापरावी, असे स्वच्छ लिहिले आहे. ते पान आम्ही झेरॉक्स करून आणले आहे. कोणी अधिकारी म्हणाला की नियमात बसत नाही, तर त्याच्या टेबलावर ते ठेवायचे.

आता पुढचे

सध्या परिस्थिती अशी आहे. कॉलेजने आम्हाला सांगितले की मागच्या वेळी सातच जण टिकले, आता तीस नावे पक्की आल्याशिवाय पुढचा वर्ग काढणार नाही. आणि स्टँडवर असे कळले की आठ दहाची गाडी रिकामी जाते म्हणून ती बंद करायचे घाटते आहे. वर्ग नाही म्हणून गाडी रिकामी, आणि गाडी नाही म्हणून वर्ग नाही. या गाडीने दवाखान्यातून परतणारी माणसे येतात, तालुक्याला शिकणाऱ्या पोरी येतात, हे वेगळेच. गाडी एकदा बंद झाली की पुन्हा सुरू करायला किती वर्षे जातात, ते आपण पाहिले आहे.

म्हणून आम्ही कॉलेजपुढे आणि डेपोपुढे दोन्हीकडे एकदम जाणार आहोत. कॉलेजला सांगायचे की वर्ग संक्रांतीनंतर सुरू करा आणि मे अखेर संपवा. पुरुषांचा वर्ग सहा ते आठ, बायांचा दुपारी दोन ते चार. प्रात्यक्षिक आधी. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम एकदम न ठेवता महिन्या-महिन्याचे तुकडे करा, म्हणजे एखाद्याचा एक तुकडा बुडाला तर त्याने तेवढाच पुढच्या वर्षी करावा, सगळे पहिल्यापासून नको. हजेरीच्या अटीतून रात्रीच्या विजेचा आठवडा वगळा. मास्तरांचे मानधन दर महिन्याला द्या. ते थकले तर त्यांच्यासाठी निवेदन आम्ही देऊ. यातली एकही मागणी भीक नाही आणि मानधन सोडले तर फारशी खर्चाचीही नाही. डेपोला सांगायचे की आठ दहाची गाडी साडेआठला सोडा. वीस मिनिटांचा प्रश्न आहे. वीस मिनिटांनी आठ माणसांचे शिक्षण बुडाले, हे आम्ही मोजलेले आहे.

कोणी म्हणेल की आता सगळे मोबाइलवर शिकता येते, कॉलेज कशाला? आमच्यातल्या दोघांनी ते करून पाहिले. व्हिडिओ थांबवता येतो, पुन्हा लावता येतो, ही सोय चांगलीच आहे. पण त्या सावकाराच्या बारा ओळी फळ्यावर मांडल्या तेव्हा जो अकरा वर्षांचे बोलला, तो मोबाइलपुढे बोलला नसता. आणि त्याचे ऐकून दुसऱ्या दोघांनी आपापल्या चिठ्ठ्या खिशातून काढल्या नसत्या. त्यातल्या एकाची चिठ्ठी मास्तरांनी उलगडून पाहिली तर मुद्दल दोनदा लिहिलेले निघाले. तो माणूस दुसऱ्या दिवशी चौघांना बरोबर घेऊन सावकाराकडे गेला आणि खाते दुरुस्त करून आला.

नावनोंदणीच्या वह्या दारापाशी दोन टेबलांवर आहेत, डावीकडे पुरुषांची, उजवीकडे बायांची. नावापुढे गाव, जाण्या-येण्याचे साधन आणि कोणत्या महिन्यात जमते ते लिहा. ज्यांना लिहायचे नसेल त्यांनी सांगावे, आमची पोरे लिहून घेतील. बुधवारी सकाळी अकराला डेपो मॅनेजरकडे जायचे आहे. आठ दहाच्या गाडीने नेहमी येणारे जेवढे असतील तेवढ्यांनी यावे, पास असेल तर तो बरोबर आणावा. तिथून दुपारी एकला कॉलेजात. चष्म्याच्या तपासणीसाठी तालुक्याच्या सरकारी दवाखान्याशी बोलणे चालू आहे, तारीख ठरली की पुढच्या अंकात छापू.